झोप: उत्तम

४ फेब्रुवारी
काल रात्री झोप कशी लागली? — उत्तम.

वरचा प्रश्न माझा नाही, छापील आहे. आमच्या दुकानात गादी घेतली की गिऱ्हाइकाला ही 'झोपेची दैनंदिनी' फुकट मिळते. मालकांची कल्पना. गिऱ्हाइकाने रोज सकाळी उत्तर लिहावं आणि वर्षाने दुकानात आणून दाखवावं, असा बेत होता. आजवर एकानेही आणलेली नाही. काउंटरखाली गठ्ठे पडलेत. त्यातली एक मी उचलली, कारण मला जे लिहायचंय ते माणसाला सांगण्यासारखं नाही.

एकदाचं लिहून टाकतो. इच्छा होत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून. तब्येत ठणठणीत आहे, बायको समोर आहे, आवडती आहे, पण मनात काही हलतच नाही. आधी वाटलं दमलोय, मग वाटलं उकाडा आहे. आता थंडी आहे.

परवा मुलीला वसतिगृहावर सोडून आलो. आता घरात आम्ही दोघंच. हिने निळा गाउन घातला, अत्तर लावलं आणि जवळ येऊन बसली. मी काय केलं? तिला पॉकेट स्प्रिंग समजावून सांगितली. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत कशी शिवलेली असते आणि त्यामुळे एक जण हलला तरी दुसऱ्याला कसं कळत नाही, सगळं. ती "हो का?" म्हणाली आणि दिवा मालवला.

सेहेचाळीस हे काही वय आहे का? भीती एवढीच वाटते की तिला वाटेल, मला ती नकोशी झाली. तसं नाहीये. पण तसं नाही हे सांगायचं कसं, तेच कळत नाही.

९ फेब्रुवारी
झोप: उत्तम.

दुकानात आज फत्ते. एक जोडपं आलं, नवरा कंजूष दिसत होता. मी आपला नेहमीचा प्रयोग दाखवला. गादीच्या एका कडेला पाण्याने भरलेला पेला ठेवायचा आणि दुसऱ्या कडेला आपण धाडकन पडायचं. पाणी जागचं हलत नाही. "बघा साहेब, बाईसाहेब उठल्या, बसल्या, गेल्या, आल्या, तुम्हाला पत्ता लागणार नाही," एवढं म्हणालो आणि मला झोप लागली.

जाग आली तेव्हा मालक माझ्या अंगावर दुकानातली चादर घालत होते. जोडप्याने तीच गादी घेतली होती, वर दोन उशा. मालक म्हणाले, "तुझ्यासारखा माणूस नाही रे. तू पडलास की डाराडूर. गिऱ्हाइकाचा विश्वासच बसतो!"

ही माझी देणगी आहे, हे मान्य करायला हरकत नाही. मी कुठेही झोपतो. न्हाव्याच्या खुर्चीत, बँकेच्या रांगेत, एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून. झोपेच्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा काय हवं?

१३ फेब्रुवारी
झोप: उत्तम.

मेहुण्याला गाठलं. हिचा धाकटा भाऊ व्यायामशाळा चालवतो. आम्ही त्याला डंबेल म्हणतो आणि त्याला ते आवडतं. त्याला म्हणालो, माझा एक मित्र आहे, त्याची अशी अशी अडचण आहे.

डंबेलने डोळे मिचकावले नाहीत, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. म्हणाला, "भावोजी, तुमच्या मित्राला सांगा, हातपाय गाळू नका. ही पावडर आहे. दुधातून घ्यायची. घोडा होईल घोडा."

"अपाय नाही ना?"

"तुम्ही घेणार नाही ना? मग कशाला काळजी करता?"

डबा घरी आणून गाद्यांच्या नमुन्यांच्या पिशवीत लपवला.

१५ फेब्रुवारी
झोप: बरी. मध्ये मध्ये उठावं लागलं.

पावडरीने इच्छा झाली, पण ती संडासाला जायची. दिवसभर दुकानात आडवं पडायची हिंमत झाली नाही. डबा कचऱ्यात.

१८ फेब्रुवारी
झोप: उत्तम.

संध्याकाळी ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमच्या त्या मित्राचं कसं आहे आता?"

"कोणता मित्र?"

"तोच. घोडा होणार होता तो."

डंबेलच्या पोटात काही राहत नाही, पावडर सोडून. मी म्हणालो, बरा आहे. ही म्हणाली, "त्याला म्हणावं, बायकोशी बोल एकदा. बायका काही खात नाहीत." आणि जांभई दिली. अलीकडे ही फार जांभया देते. मी काही बोलायला लागलो की हटकून देते. मी कंटाळवाणा झालोय, दुसरं काय!

२२ फेब्रुवारी
झोप: उत्तम.

हिच्या कामावर आज वाईट प्रकार झाला. ही मोटार चालवायला शिकवते. शिकणारा स्टिअरिंगशी, ही बाजूला, आणि हिच्या पायाशी दुसरा ब्रेक. कितीही घाबरट शिकाऊ असो, हिचा पाय वेळेवर पडतोच. हिची सारी ख्याती त्या पायावर आहे. (संसारातले ब्रेकही आजवर हिनेच दाबलेत. एकदा मी भागीदारीत घर घ्यायला निघालो होतो, कोणाबरोबर ते आठवून आजही अंगावर काटा येतो.)

आज पाय पडला नाही. गाडी खांबावर गेली. कोणाला लागलं नाही, पण पुढचा दिवा फुटला. हिचा डोळा लागला होता म्हणे. भर दुपारी!

घरी आल्यावर ही हात मांडीवर ठेवून नुसती बसून होती. एवढी घाबरलेली मी तिला पाहिलेली नाही. मी लगेच निदान केलं: गाडीची सीट खराब आहे. कंबरेला आधार नसला की माणूस दमतो. दुकानातून कंबरेची उशी आणून दिली. ही उशीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, "तुम्हाला खरंच काही कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?"

उशीबद्दल मला जेवढं कळतं तेवढं या गावात कोणाला कळत नसेल. पण रागावलेल्या माणसाशी वाद घालू नये.

२७ फेब्रुवारी
झोप: उत्तम.

ठरवलं, थोडं रंगेल व्हायचं. हिला सिनेमाला नेलं, कोपऱ्यातल्या खुर्च्या घेतल्या आणि हातात हात घेतला. इथवर सगळं झकास होतं.

मग झाडूवाल्याने उठवलं. सिनेमा संपला होता. हिच्या खांद्यावर माझ्या तोंडाएवढा ओला डाग होता. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून वळून बघत होती, असं ही म्हणाली. का, ते सांगितलं नाही. सिनेमा फार संथ असावा.

३ मार्च
झोप: उत्तम.

आज एक गोष्ट लक्षात आली. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाचा फोम बसलाय. मुलगी त्यावर झोपायची, आता तिला जाऊन महिना झाला, तरी मधोमध माणसाएवढा खड्डा. खड्डा महिनाभरात भरून यायला हवा. दाबून पाहिलं तर कोमटही लागला. ऊन तिकडे सकाळी येत नाही. पण हलका फोम उष्णता धरून ठेवतो, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. उशीखाली हिच्या केसांच्या दोन पिना सापडल्या. बायका पिना कुठे टाकतील याचा नेम नाही.

हिला म्हणालो, दिवाणाचा फोम बदलून टाकू, कोणी झोपत नाही म्हणून असा ठेवायचा नाही. ही दात घासत होती. बराच वेळ तिने चूळ भरलीच नाही.

६ मार्च
झोप: उत्तम.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचा दवाखाना आहे. मुलीच्या गोवरापासून त्या आम्हाला ओळखतात, म्हणूनच जायची लाज वाटत होती.

"बोला, काय होतंय?"

"मला काही नाही. एक मित्र आहे."

"वय?"

"सेहेचाळीस."

"मित्र आला नाही?"

"लाजतो."

"बरं. मग मित्राच्या वतीने तुम्ही काट्यावर उभे राहा. आणि दंड पुढे करा, मित्राचं ब्लडप्रेशर बघते."

मित्राचं वजन वाढलेलं निघालं, ब्लडप्रेशरही. मग बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज बोलायला लागल्या. पुरुषाची इच्छा कमी होणं काही जगावेगळं नाही, म्हणाल्या. कारणंही एक नाही. कामाचा ताण, उदासी, दारू, वजन, रक्तातली साखर, थायरॉइड, हार्मोन उतरणं. कधी गोळ्यांमुळे होतं, ब्लडप्रेशरच्या काही, उदासीवरच्या काही, केस टिकवायच्यासुद्धा. "मित्र केसांसाठी काही घेतो?"

"टिकवायला केस हवेत ना!"

"दारू?"

"रात्री एक पेग. कधी दीड."

"बायकोशी अबोला?"

"नाही हो. उलट तीच जांभया देते."

"झोप?"

इथे मला हसू आलं. "बाई, मित्राचा धंदाच झोपेचा आहे. उशीला डोकं टेकायचा अवकाश!"

"घोरतो?"

"छे!"

"हे कोण म्हणतं?"

"मित्र स्वतः."

"झोपेत ऐकतो का तो?" असं म्हणून त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. हार्मोनची तपासणी सकाळी उपाशीपोटी करायची, आणि एकदा कमी आली तर पुन्हा एकदा. चिठ्ठीवर नाव माझंच होतं. मित्राचं विचारलंही नाही.

१६ मार्च
झोप: उत्तम.

हार्मोन दोन्ही वेळा कमी. साखर काठावर. मी खूश झालो. कारण सापडलं! डंबेलकडून ऐकलं होतं, म्हणून म्हणालो, "मग मित्राला हार्मोनचं इंजेक्शन द्या ना."

बाई म्हणाल्या, "हार्मोन का उतरलं ते आधी बघू. झोपेत श्वास अडकणारा माणूस असेल तर तेच इंजेक्शन त्याला बाधू शकतं. मित्राच्या बायकोला घेऊन या."

"तिला कशाला?"

"रात्री तुमच्याशेजारी मी नसते."

हिला सांगायला जीभ रेटेना. शेवटी म्हणालो, डॉक्टरीणबाईंनी तुला बोलावलंय, मित्राच्या संदर्भात. ही एका मिनिटात चपला घालून तयार. उद्या जायचंय म्हणून परत काढायला लावल्या.

१७ मार्च

आज छापील प्रश्नाचं उत्तर लिहीत नाही.

बाईंनी हिला एवढंच विचारलं, "हे झोपले की काय होतं?" आणि ही जे बोलायला लागली, ते वर्षभराचं साठलेलं.

"घोरण्याचं काही नाही हो, त्याची सवय झाली. पण ते मध्येच थांबतं. श्वासच थांबतो. मी उठून बसते. हलवते. मग घुसमटल्यासारखे होतात, आणि परत सुरू. रात्रभर हेच. सकाळी मला गाडीवर जायचं असतं. म्हणून यांना झोप लागली की मी दिवाणावर जाते. आधी मुलीला दाटीवाटीने सरकवायचे, आता एकटीच. दार उघडं ठेवते, ऐकू यावं म्हणून. पहाटे हे उठायच्या आत परत शेजारी येऊन पडते."

मी म्हणालो, "पण गादी हलली नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

 वर्षभर माझ्या शेजारून एक माणूस उठून जात होतं, आणि मी दिवसभर दुकानात लोकांना तेच सांगत होतो: गेल्या, आल्या, पत्ता लागणार नाही.

मग हिने माझ्याकडे न बघता सांगितलं. "आधी यांना वाईट वाटू नये म्हणून परत यायचे. नंतर बघायला लागले, यांच्या लक्षात येतं का. एकदा तरी उठून बाहेर येतील, म्हणतील, इथे का झोपलीस? नाही आले. जवळही येईनात. मला वाटलं, यांना सगळं माहीत आहे आणि चालतंय."

घरी येताना मला रडू येत होतं. रस्त्यात डंबेल भेटला आणि म्हणाला, "काय भावोजी, मित्र कसा आहे?" हिने त्याला असा लूक दिला की तो उलट्या दिशेने चालायला लागला.

२ एप्रिल

झोपेची तपासणी झाली. अंगभर वायरी लावून झोपवलं. निकाल बघून तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "तुम्ही झोपत नाही हो, रात्रभर गुदमरता." झोपेत श्वास सारखा अडकतो, मेंदू दचकून जागा करतो आणि मला पत्ता नसतो. खरी झोप मिळतच नाही, म्हणून दिवसा कुठेही डुलक्या. अशाने हार्मोन उतरतं, इच्छा मरते, ब्लडप्रेशर चढतं. वजनाने त्यात भर. म्हणजे ज्या देणगीवर माझी नोकरी चालते, ते दुखणं होतं.

बाईंनी उपाय सांगितले. रात्री नाकावर मुखवटा बांधायचा, यंत्र त्यातून हवा सोडत राहतं आणि घसा मिटत नाही. पेग बंद. सकाळी चालणं. वजन उतरवणं. "आणि घाई करू नका. इच्छा काही उद्या सकाळी दारात उभी राहणार नाही. महिने लागतील. हार्मोन परत बघू."

मुखवटा लावून आरशासमोर उभा राहिलो, तोंडाला मोठी नळी. ही दारात आली, बघितलं, आणि हसून हसून दिवाणावर आडवी झाली. किती दिवसांनी हसली! मी ती नळी सोंडेसारखी हलवून दाखवली. मग आणखी हसली.

झोपायला मात्र दिवाणावरच.

१४ एप्रिल
झोप: खरोखर चांगली. स्वप्नसुद्धा पडलं.

दुकानात आपत्ती. गिऱ्हाइकासमोर पडलो, डोळे मिटले, आणि झोप येईना! टक्क जागा. मालक कोपऱ्यातून खुणा करत होते, झोप, झोप. मी खोटं घोरायचा प्रयत्न केला तर गिऱ्हाईक म्हणालं, "हे नाटक आहे." गादी गेली नाही. मालक म्हणाले, "औषध बंद कर बाबा, सीझन आहे."

२९ एप्रिल
झोप: चांगली.

आज पाहिलं आणि लिहून ठेवतो. हिला आणायला गेलो होतो. ही गाडी उलटी घेत होती. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा शेजारच्या सीटच्या पाठीवर, मान मागे वळवलेली, केसांची बट तोंडावर, आणि दोन गाड्यांच्या मधल्या एवढ्याशा फटीत ती गाडी एका झटक्यात बसवली. माझ्या पोटात काहीतरी हललं. मी आधी आठवून पाहिलं, जेवण झालं होतं का. झालं होतं.

६ मे
झोप: चांगली. एकट्याची.

धीर करून म्हणालो, "आता मी घोरत नाही."

"माहीत आहे."

"मग ये ना आत."

ही पांघरुणाची घडी घालत होती. "घोरायचात तेव्हा निदान कळायचं, आहात म्हणून. आता ऐकू येत नाही, तर मध्येच उठून बघून जाते. नळी नीट आहे ना, छाती हलते ना. रोज. शेजारी बसतेसुद्धा थोडा वेळ." मग म्हणाली, "तुम्हाला तेही कळत नाही."

म्हणजे काल रात्री ती माझ्या शेजारी बसून गेली. आणि पाण्याचा पेला हलला नाही.

९ मे

आमच्या गोदामात एक परत आलेली गादी आहे. वर्षभर कोपऱ्यात उभी आहे. साधी, पातळ, मधोमध खोलगट. परत आणणारं गिऱ्हाईक तावातावाने म्हणालं होतं, "एक वळला की दुसरा जागा होतो! एक उठला की दुसरा घरंगळतो!" मीच त्याला बदलून दिली होती, पॉकेट स्प्रिंगची.

मालकांना म्हणालो, ती मला हवी, माझी स्प्रिंगवाली परत घ्या.

"तुला? आपल्या दुकानाच्या माणसाने ती गादी घ्यायची?" त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "त्यावर काय, कोणी जरा हललं तरी झोपमोड!"

"तेच हवंय."

 मालकांचं लग्न होऊन तीस वर्षं झालीत. गाडीभाडं त्यांनी घेतलं नाही.

१० मे

गादी पलंगावर टाकली तेव्हा ही कमरेवर हात ठेवून उभी होती. "हे काय आणलंत? मधे खड्डा आहे."

"आहे."

"दोघंही मधे येऊ की."

"येऊ."

हिने गादी हाताने दाबून पाहिली, दिवाण मी दाबला होता तशी. म्हणाली, "आज एक दिवस बघते. पाठ दुखली तर परत दिवाण."

११ मे
झोप: चांगली. एकदा मोडली.

पहाटे गादी हलली आणि मी जागा झालो. कितीतरी काळात असा जागा झालो नव्हतो. मुखवटा वर सरकवून म्हणालो, "कुठे चाललीस?"

ही उठता उठता तिथेच थांबली. अंधारात तिचं तोंड दिसत नव्हतं. मग म्हणाली, "पाणी प्यायला." आवाज ओला होता.

"मग ये परत."

"येते."

आली. खड्डा असल्यामुळे यायला फार लांब जावं लागत नाही.

१८ मे
झोप: चांगली.

एक नवं जोडपं दुकानात आलं. त्यांना अशी गादी हवी होती, की एक हलला तर दुसऱ्याला कळू नये. मी पेला भरला, ठेवला, आणि पडायच्या आधी म्हणालो, "घ्या, पण महिन्यातून एकदा हात लांब करून बघत जा, शेजारी कोणी आहे का." मुलगी हसली. मुलगा हसला नाही, विचारात पडला. मालकांनी मला चहा आणायला पाठवलं.

निळा गाउन आज वाळत घातलेला दिसला.

१९ मे
काल रात्री झोप कशी लागली? — लागली नाही. ब्रेक कोणी दाबला नाही.

तक्रार नाही.